रस्सा फुकट, सेवा सक्तीची

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पारोळ्याच्या अलीकडे-पलीकडे हायवेला जे ढाबे आहेत, त्यांच्या भिंतींवर वाचायला भरपूर असतं. शेवभाजी सांगितल्यापासून ती समोर येईपर्यंतचा वेळ त्यात सहज निघतो. 'उधारी बंद आहे, मागून लाजवू नये.' 'एका थाळीत दोघांनी जेवू नये, जेवल्यास दोन थाळ्यांचे पैसे पडतील.' 'बेसिनमध्ये खरकटे टाकू नये.' 'बाहेरची बाटली आत उघडू नये.' 'एसी हॉलचे दर वेगळे राहतील.' 'राजकारणावर चर्चा करू नये' ही पाटी बहुधा निवडणुकीच्या आधी लागते, आणि निकालाच्या दिवशी लोक तिच्याच खाली बसून जिल्हा परिषद वाटून घेतात. एका ठिकाणी तर 'मालक बाहेरगावी गेले आहेत, उधारीचे त्यांनाच विचारावे' असं लिहिलेलं होतं आणि मालक त्या पाटीखालीच गल्ल्यावर बसून बडीशेप निवडत होते.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना या पाट्या उद्धट वाटतात. मला त्या फार सभ्य वाटतात. कारण माणसाचा जो काही अपमान व्हायचा, तो इथे जेवणाआधी होतो. एकदा तो गिळला की नंतर फक्त शेवभाजी गिळायची. उठताना नवीन काही कळत नाही. आमच्या गावच्या किल्ल्याचंच बघा ना. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ साली बांधला आणि भोवती चांगला खंदक ठेवला. पण तो खंदक बाहेरून दिसतो. चाल करून येणाऱ्याला आधीच कळतं, की बाबा, इथे खंदक आहे, जमत असेल तर ये. आत शिरल्यावर 'सर, खंदक ऑप्शनल आहे' असं कुणी सांगत नाही.

हे ऑप्शनल प्रकरण मोठ्या शहरांतलं. तिथल्या हॉटेलांच्या भिंतींवर एक अक्षर नसतं. नुसत्या विटा दिसतात, आणि त्याही मुद्दाम पोपडे काढून दाखवलेल्या. दिवे इतके मंद, की ताटात भेंडी आहे की मिरची हे जिभेनेच ठरवायचं. सगळं कसं अदबीनं चालतं. मग चामडी पाकिटात बिल येतं. हजाराचं जेवण, त्याखाली सेवा शुल्क दहा टक्के म्हणजे शंभर, आणि मग त्या अकराशेवर पाच टक्के जीएसटी म्हणजे पंचावन्न. एकूण अकराशे पंचावन्न. यातले पन्नास रुपये जेवणावरच्या कराचे, ते देणं आलंच. उरलेले पाच रुपये मात्र सेवा शुल्कावरच्या कराचे. म्हणजे वेटरनं पाणी ओतलं त्याचे शंभर दिले आणि त्या ओतण्यावर सरकारला पाच दिले.

यातली खरी मेख अशी, की बऱ्याच जणांना ते शंभर रुपयेसुद्धा सरकारचेच वाटतात. त्याला कारणही आहे. जीएसटी यायच्या आधी, २०१७च्या जूनपर्यंत, एसी हॉटेलांच्या बिलात 'सर्व्हिस टॅक्स' नावाची एक ओळ असायची. ती सरकारची होती. तिच्याच मांडीला मांडी लावून 'सर्व्हिस चार्ज' बसायचा. तो हॉटेलवाल्याचा. पुढे सर्व्हिस टॅक्स गेला; सर्व्हिस चार्ज मात्र, वऱ्हाड परतलं तरी मागे राहिलेल्या पाहुण्यासारखा, तिथेच राहिला. आणि दहातले आठ जण अजूनही त्याच्याकडे बघून 'सरकारनं लुटलं' म्हणतात. सरकारच्या नावावर खपतं तेवढं महाराष्ट्रात दुसऱ्या कशाच्याच नावावर खपत नाही.

सरकारनं मात्र या बाबतीत हात झटकले होते. एप्रिल २०१७ मध्येच ग्राहक व्यवहार विभागानं सांगितलं, की सेवा शुल्क देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. कुणी ऐकलं नाही. मग ४ जुलै २०२२ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या: हे शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानं लावायचं नाही, ग्राहकावर जबरदस्ती करायची नाही, ते देत नाही म्हणून दारातून परत पाठवायचं नाही आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटीही घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन मोठ्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि महिना संपायच्या आत, २० जुलैला, सूचनांना स्थगिती मिळाली. स्थगिती देताना दोन अटी घातल्या होत्या. एक, शुल्क घेणार असाल तर मेनूवर ठळक लिहा. दुसरी, पार्सलवर घेऊ नका. ही दुसरी अट वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. पार्सल आपण घरी नेतो, घरी आपलीच बायको वाढते, आणि सेवा शुल्क घ्यायचा विचार हॉटेलवाला करतो. बायकोच्या डोक्यात हा विचार अजून आलेला नाही, हे नशीब.

पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये नावाचा एक प्रयोग झाला. एका संघटनेला कोर्टानं तात्पुरती मुभा दिली, की तुमचे सभासद याला 'कर्मचारी योगदान' म्हणू शकतात, पण दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि हे दिल्यावर वेगळी टिप द्यायची गरज नाही हे मेनूवर ठळक लिहा. शेवटी २८ मार्च २०२५ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या, प्राधिकरणाच्या सूचना वैध ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. हे लाख रुपये ऐच्छिक नव्हते. संघटना अपिलात गेल्या. तिथे ऑगस्टमध्ये खंडपीठानं साधारण असं विचारलं, की वीस रुपयांची पाण्याची बाटली तुम्ही शंभरला देता, ते वातावरणाचे ना? मग सेवेचे आणखी वेगळे कसे? हा प्रश्न आमच्याकडे कुठल्याही पानटपरीवर कुणीही विचारला असता. पण टपरीवरच्या प्रश्नाला तारीख मिळत नाही.

बाटलीचं एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी वेटरशी भांडायचा. हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर तो वजन-माप कायद्याचा गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. तिथे नुसती बाटली विकली जात नाही, टेबल-खुर्चीही दिली जाते, असा त्यातला विचार. तेव्हा बाटलीवर भांडू नये, तांब्या मागावा. एसटी स्टँडवर 'नाथजल'ची बाटली स्वस्तात मिळते, खुर्चीचं आपण आपलं बघायचं.

आता आमच्याकडच्या सेवेचं सांगतो. शेवभाजीत शेव अगदी शेवटी, ताटात वाढायच्या वेळी पडते. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत असतो, वर लाल तर्री, आणि त्यात जाड तिखट शेव. इथून पुढे घड्याळ सुरू होतं. शेव रस्सा पिते. तुम्ही पहिली भाकरी मोडेपर्यंत तिनं अर्धा प्यायलेला असतो. कांदा फोडून लिंबू पिळेपर्यंत वाटीत रस्सा नाही, नुसती फुगलेली शेव उरते. म्हणून दुसऱ्यांदा रस्सा मागणं ही खादाडी नव्हे, या पदार्थाची रचनाच तशी आहे. ढाब्यावरच्या पोराला ते ठाऊक असतं. तो हातात बादली आणि ओगराळं घेऊन फिरत असतो, तुमच्या वाटीकडे लांबून बघतो आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत विचारतो, "आखो रस्सा दिऊ का, दादा?" तुम्ही 'नको' म्हणायच्या तयारीत असता, तोवर ओगराळं रिकामं झालेलं असतं. याचे पैसे नाहीत. तिसऱ्यांदा घेतलात तरी नाहीत. चौथ्यांदा मात्र मालक गल्ल्यावरून मान वर करून बघतो. त्या बघण्याचे पैसे नसतात, पण ते पुरतं.

म्हणजे शहरात जी गोष्ट मागितली नाही तिचे पैसे लागतात, आणि इथे जी मागितली नाही ती फुकट वाढतात. शहरातल्या हॉटेलवाल्यांना हा धंदा कसा परवडतो हे कोडं वाटेल. परवडतो, कारण त्या रस्स्याचा हिशोब शेवभाजीच्या भावात आधीच धरलेला असतो. बादली, पोराचा पगार, ओगराळं आणि मालकाचं मान वर करून बघणं, सगळं त्या एका आकड्यात. आकडा फळ्यावर खडूनं लिहिलेला. महाग वाटला तर उठा, पुढे दुसरा ढाबा आहे.

आणि बिल? बिल बहुतेकदा कागदावर येतच नाही, आवाजात येतं. आपण हात धुवून गल्ल्याकडे निघालो, की पोरगं मागून ओरडतं, "तीन माणसं, एक पापड, एक बाटली, दोनशे नव्वद!" मालक तो आकडा झेलतो. मधल्या सहा टेबलांना कळतं, की आपण पापड खाल्ला. या पद्धतीत एकान्त अजिबात नाही हे मान्य. पण लबाडी करायलाही जागा उरत नाही. सेवा शुल्क इथे यायचं ठरलं, तर त्या पोराला भर हॉलमध्ये ओरडावं लागेल, "तीन माणसं, एक पापड, एक बाटली, आणि मी वाढलं त्याचे एकोणतीस!" तो ओरडणार नाही. लाजेल. ज्या रकमेचा उच्चार मोठ्यानं करता येत नाही, ती बारीक टायपात छापावी लागते.

आमचा भाचा पुण्यात आयटीत आहे. त्यानं मागे एकदा सगळ्यांना जेवायला नेलं. हॉटेलचं नाव सांगत नाही. जेवण चांगलं होतं, खोटं का बोला. बिल आल्यावर मी चष्मा लावला, तेव्हाच बायकोनं टेबलाखालून पहिला इशारा दिला.

"हे सेवा शुल्क काय रे?"

"मामा, असतं ते."

"सरकारचं?"

"नाही, यांचंच. असू द्या ना मामा, मी भरतोय."

मॅनेजर आले. गळ्यात टाय, चेहऱ्यावर हसू. "सर, इट्स ऑप्शनल."

"ऑप्शनल आहे तर छापलंय कशाला?"

"सर, ते सिस्टिममध्येच येतं."

"सिस्टिम कुणाची?"

"आमचीच, सर."

मग ते काढायचं ठरलं. ते काढणं काय सोपं असतं? वेटरला अधिकार नाही, कॅप्टनला पासवर्ड नाही, मॅनेजरचं कार्ड दुसऱ्या मजल्यावर. जुनं बिल रद्द, नवीन बिल प्रिंट. पलीकडच्या टेबलावरच्या बाई चमचा हवेत धरून बघत होत्या. टेबलाखालच्या इशाऱ्यांनी पायाला काळानिळा डाग पडायची वेळ आली. "शंभर-दीडशेसाठी शोभा करू नका," हे वाक्य बायको कुजबुजत म्हणाली, पण ती कुजबूज पारोळ्याची होती. पूर्ण हॉलला ऐकू गेली.

हा आकडा दहा टक्केच का, ते मला तेव्हा उमगलं. वीस टक्के असता तर माणूस भांडला असता. दोन असता तर हॉटेलवाल्याला परवडलं नसतं. दहा टक्के हा बरोब्बर मराठी माणसाच्या लाजेचा भाव आहे. पाहुण्यांसमोर, जावयासमोर, ऑफिसातल्या मुलीसमोर 'हे काढा' म्हणायला जेवढी लाज वाटते, तिची बाजारात किंमत काढली तर बिलाच्या दहा टक्के येते.

तसं ऐच्छिक सक्तीचं शिक्षण आपल्याला लहानपणापासून मिळतं. गणपतीची वर्गणी घ्या. दारात सात पोरं उभी, सर्वांत उंच पोराच्या हातात पावतीपुस्तक, पावतीवर 'स्वेच्छा देणगी' छापलेलं आणि त्याखाली आपलं नाव व पाचशे एक हा आकडा आधीच लिहून आणलेला. आपली स्वेच्छा किती आहे हे आपल्याआधी त्यांना माहीत. पण वर्गणीतसुद्धा एक गोष्ट बरी आहे. ती गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, तसं कायद्यात कलमच आहे. शिवाय मंडळाचा मांडव, डीजे आणि महाप्रसाद दहा दिवस आपल्या खिडकीसमोर असतो. पैसे कुठे गेले ते डोळ्यांना दिसतं, कानांना तर फारच दिसतं. हॉटेलातले ते शंभर रुपये कुठे जातात, हे वाढणाऱ्या पोराला विचारून बघा. तो मॅनेजरकडे बघतो.

हॉटेलवाल्यांचीही एक बाजू आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ते म्हणतात, टिप मिळते ती समोर येणाऱ्या वेटरला. आत भाकऱ्या थापणारी, भांडी घासणारी, तंदुरीपाशी भाजून निघणारी माणसं कुणाला दिसतात? सेवा शुल्क गोळा करून सगळ्यांत वाटलं तर त्यांनाही काही मिळतं. मुद्दा खरा आहे. पारोळ्यातही चुलीपाशी बसून दिवसभर कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या मावशीला गिऱ्हाईकानं कधी दहा रुपये दिल्याचं मी पाहिलेलं नाही. पण मावशीला पगार देणं हे मालकाचं काम की माझं? माझं असेल तर भाकरीच्या भावात घ्या. भाकरी वीसची बावीस करा आणि फळ्यावर लिहा. फ्रान्समध्ये असंच करतात; सेवेचे पैसे मेनूवरच्या किमतीतच धरलेले असले पाहिजेत, असा तिथला कायदा आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून टिप आणि सेवा शुल्काचा पैसा कामगारांनाच द्यायचा, मालकानं ठेवायचा नाही, असं ठरलं. अमेरिकेचं विचारू नका. भाचीचं बिऱ्हाड तिकडे आहे. ती सांगते, की तिथे कार्ड लावलं की मशीनच विचारतं, अठरा, वीस की पंचवीस? आणि मशीन समोरच्या माणसाच्या बाजूला तोंड करून उभं असतं. कॅलिफोर्नियानं लपवलेल्या शुल्कांवर जुलै २०२४ पासून बंदी आणली आणि हॉटेलांना ऐन वेळी सूट दिली, मात्र शुल्क मेनूवर स्पष्ट दाखवायची अट घातली. म्हणजे सगळं फिरून ते आमच्या पाटीवर आले.

आमचे ढाबेवाले संत आहेत असं मात्र कुणी समजू नये. फळ्यावर एक भाव आणि एसी हॉलमध्ये दुसरा, हे पाटीवर असतं. पण एसी बंद असताना भाव चालूच असतो, हे पाटीवर नसतं. 'पापड?' असा प्रश्न इतक्या प्रेमानं विचारतात की तो पाहुणचार वाटतो, आणि गल्ल्यावर तो पंचवीस रुपये होऊन भेटतो. काही जण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांनी उलाढालीवर कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाईकाकडून वेगळा घ्यायचा नसतो आणि तसं बिलावर लिहायचंही असतं. तरी एखादा पठ्ठ्या कच्च्या चिठ्ठीवर पेनानं 'जीएसटी ५ टक्के' लिहितो. चिठ्ठीवर नंबर नाही, तारीख नाही, मागे कालच्या दुधाचा हिशोब. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. तो नंबर मागितला तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवतात. आणि 'रस्सा फुकट' म्हणताना काही ठिकाणी दुसऱ्या वेळचा रस्सा हा पहिल्या रस्स्याचा पाणी घातलेला भाऊ असतो, हेही नमूद करून ठेवतो.

तरीसुद्धा माझं मत ढाब्याच्या बाजूनं आहे. रक्कम किती, यावर माझं भांडण नाहीच. पुण्यातल्या त्या हॉटेलनं भाजी सहाशेची सहाशे साठ केली असती, तर मी एक तर मुकाट खाल्ली असती किंवा मुकाट उठलो असतो. ती माझी आणि माझ्या खिशाची आपसातली गोष्ट होती. पण सहाशे दाखवून सहाशे साठ घेणं, आणि वर ते साठ माझ्याच मर्जीचे म्हणणं, हे पटण्यासारखं नाही. भुकेल्या माणसाला भाव सांगा, पोट भरल्यावर नका सांगू. भरल्या पोटी माणूस सही करतो.

तेव्हा बिल आलं की चष्मा लावा. सेवा शुल्क दिसलं आणि द्यायचं नसेल, तर 'हे काढून द्या' एवढं शांतपणे म्हणा, कारण सांगू नका. कारण सांगितलं की चर्चा होते. नाहीच काढलं तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्या फोनला पैसे पडत नाहीत. तिथे भागलं नाही तर ग्राहक आयोग जळगावलाही आहे, धुळ्यालाही आहे. आणि शुल्क काढलंत म्हणून वाचलेल्यातले वीस-तीस रुपये ज्यानं खरंच वाढलं त्याच्या हातात द्या. चामडी पाकिटात ठेवू नका, हातात द्या.